गान-कुन्सिगच्या आयुष्यासाठी

मी एक जुनी दगडी मूर्ती आहे. उंचीने मी हातभरही नाही. हात छातीशी जुळवलेले, लोकरी झालरीचे वस्त्र पोटऱ्यांपर्यंत, आणि चेहऱ्याच्या मानाने डोळे फार मोठे, असे माझे रूप आहे. सध्या मी जमिनीखाली आहे. माझ्यावर चार पुरुष उंचीची माती असावी असा माझा अंदाज आहे. तो चुकूही शकतो, कारण मोजण्याचे साधन माझ्याजवळ नाही.

मित्रांनो, मी देवीची मूर्ती नव्हे, हे आधी सांगितलेले बरे. मी देवीकडे पाहणारी मूर्ती आहे. आमच्या निना नगरीत नान्शे देवीचे ठाणे होते. विधवेची, पोरक्याची, परक्या गावातून पळून आलेल्याची काळजी वाहणारी ती देवी. तिच्यासमोर दिवसभर हात जोडून उभे राहावे असे पुष्कळांना वाटे, पण माणसाला शेत असते, माग असतो, चूल असते. म्हणून लोक दगडात स्वतःला घडवून घेत आणि ती मूर्ती देवळात ठेवत. माणूस कामाला जाई. मूर्ती त्याच्या वतीने उभी राही. देवीसमोरच्या ओट्यावर आम्ही एकेचाळीस होतो.

माझा दगड पश्चिमेच्या वाळवंटाच्या कडेचा, पांढरा आणि मऊ. तो नावेतून आला. देवळामागे लू-उतू नावाच्या कारागिराची कार्यशाळा होती. त्याने प्रथम दगडावर काजळीने मधली रेघ मारली, मग तांब्याच्या छिन्नीने खांदे काढले, गारगोटीच्या टोकाने हातांमधली फट कोरली आणि शेवटी ओल्या वाळूने मला नऊ दिवस घासले. डोळ्यांच्या खाचांत शिंपल्याचे पांढरे तुकडे आणि मधोमध निळे खडे बसवले. बसवायला डांबर वापरले. लू-उतू पूर्ण टकला होता आणि बोलका होता. अर्धी निना मी घडवली, पण त्यातल्या एकानेही अजून पापणी लववली नाही, असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवीत असे.

मला घडवून घेणाऱ्या बाईचे नाव निन-हेदू. देवळाच्या विणकामशाळेत वीस बायकांवर ती मुकादम होती. नवरा कालव्याच्या कामावर असताना वारलेला. तिला एकच मुलगी होती, गान-कुन्सिग. सरहद्दीच्या कुरणात आमच्या लगाश राज्याची माणसे बांध घालत होती, त्यांना दुपारची भाकरी आणि कांदे पोचवायला ही मुलगी गेली. त्या दिवशी सरहद्दीपलीकडच्या, आमच्याशी वैर असलेल्या उम्मा नगरीचे लोक चालून आले. त्यांनी बांध फोडला आणि सात जणांना धरून नेले. सातांत गान-कुन्सिग होती. त्यानंतर दोन वर्षे काही कळले नव्हते.

निन-हेदू कार्यशाळेत आली तेव्हा मी अजून डोक्याविना होते. तिने स्वतः विणलेले वस्त्र लू-उतूसमोर ठेवले.

"कुणाच्या नावानं करायची, ताई?"

"मुलीच्या."

"वय काय?"

"चौदाची होती. आता सोळा."

"चेहरा कसा काढू? आईवर गेलीय की बापावर?"

निन-हेदूने समोरच्या वस्त्राची घडी सारखी केली. आठवायचा प्रयत्न करत असावी. मग तिने, धाग्याचा रंग सांगावा तशा आवाजात, सांगितले, "आठवत नाही. कुणाचाही काढा. डोळे तेवढे मोठे ठेवा."

लू-उतूच्या ओठांवर नेहमीचा विनोद आला होता. तो त्याने गिळला. माझा चेहरा त्याने ओट्यावरच्या इतर बायकांसारखाच काढला.

मग खांद्यामागे मजकूर कोरायची वेळ आली आणि त्याने एक प्रश्न विचारला. आमच्याकडे जिवंत माणसाच्या नावाने मूर्ती उभी करतात आणि तिच्यावर 'अमक्याच्या आयुष्यासाठी' असे कोरतात. मेलेल्याची रीत निराळी. मेलेले घराच्या जमिनीखाली असतात. तिथून एक मातीची नळी वर काढलेली असते आणि दर अमावास्येला नाव घेऊन त्या नळीत पाणी ओततात. ते न मिळाले तर खालच्या जगात माणूस तहानलेला राहतो, धूळ खातो. या दोन रीती एकाच नावाने चालत नाहीत. ज्याच्या आयुष्यासाठी मूर्ती उभी आहे त्याच्या नावाने पाणी ओतायचे नाही, आणि ज्याला पाणी सुरू झाले त्याची मूर्ती उभी ठेवायची नाही.

"एकदा कोरलं की पुसता येत नाही," लू-उतू म्हणाला. "घरी विचारून या. नणंद आहे ना घरात? देवळाच्या कारभाऱ्यांनाही विचारा."

"आयुष्यासाठी," निन-हेदू म्हणाली. तिने कोणालाही विचारले नाही.

तेव्हापासून माझ्या उजव्या खांद्यामागे हा मजकूर आहे: माझी मालकीण नान्शे हिला, गान-कुन्सिगच्या आयुष्यासाठी, तिची आई निन-हेदू हिने. अशा मूर्तीला नावही ठेवतात. माझे नाव ठेवले, 'मालकीण, इकडे बघ'.

देवळात माझी जागा डावीकडून सहावी होती. समोर नान्शे बसलेली. तिच्या आसनाला बदके कोरलेली होती आणि पायांशी रोज ताजे मासे ठेवत. तिचे डोळेही शिंपल्याचे आणि निळ्या खड्याचे होते. आम्ही एकमेकींकडे पाहत होतो. तुम्ही विचाराल की मी प्रार्थना केली का. मित्रांनो, मला ठाऊक नाही. मी उभी राहिले आणि डोळे उघडे ठेवले. मला तेवढेच काम नेमून दिले होते आणि तेवढे मी केले.

निन-हेदू रोज सकाळी, माग सुरू होण्याआधी, येत असे. देवीशी तिचे नाते जुने होते, हे मला विणकरणींच्या बोलण्यातून समजले. लहानपणी तिच्या आईने तिला या देवीच्या पदरात घातले होते. पुढे मोठी झाल्यावरही ती देवीशी घरच्या माणसासारखी बोलत असे. सूत गुंतले तर देवीवर रागावत असे, पाहुणे आले तर सांगून जात असे. एकदा म्हणे तिने नान्शेला, तू इतक्यांची स्वप्नं उलगडतेस, मग माझ्या नवऱ्याच्या घोरण्याचा अर्थ सांग, असेही विचारले होते. मी आले तोवर त्यातले काही उरले नव्हते. ती ओट्यापाशी उभी राही, "आले" म्हणे, थोडा वेळ थांबे आणि "जाते" म्हणून निघून जाई. तिचा चेहरा शांतही नसे, दुःखीही नसे. ओट्यावर एकेचाळीस आणि खाली बेचाळिसावी, असे विणकरणी आपसात म्हणत.

मी उभी राहिले त्याच वर्षी दोन बातम्या आल्या. वेताच्या मोळ्या आणणाऱ्या एका नावाड्याने सांगितले की उम्माच्या देवळात दळण दळणाऱ्या बायकांत आपल्या बोलीत गाणारी एक मुलगी त्याने ऐकली; पाहिली नाही, नुसती ऐकली. पुढे हिवाळ्यात दुसरा एक जण म्हणाला की त्या साली धरून नेलेले सगळे तापात गेले. निन-हेदूने दोघांचेही ऐकून घेतले आणि दोघांनाही सारखीच बिअर पाजली, असे तिच्या नणंदेने नंतर देवीला सांगितले. नान्शे स्वप्नातून उत्तर देते, म्हणून निन-हेदूने देवळात निजूनही पाहिले. तिला स्वप्न पडले नाही. मुलीला नेल्यापासून तिला एकही स्वप्न पडले नव्हते.

ही नणंद म्हणजे अमा-बारा. नवऱ्यामागे माहेरी परतलेली, मूलबाळ नसलेली, देवळाच्या भट्टीवर भाकरी भाजणारी, आणि जिभेला हाड नसलेली. देवीचा भाकरीचा हिस्सा घेऊन ती आली की आम्हा सगळ्यांची खरडपट्टी निघे. माझ्यापाशी थांबून ती म्हणे, "बघतेय कशी टकामका. काम ना धाम." पण जाता जाता माझ्या खांद्यावरचे पीठ पदराने पुसून जाई. ते पीठ तिच्याच हातचे असे.

मी उभी राहिल्याला चार वर्षे झाली असतील. एका दुपारी, बायका जेवायला गेलेल्या असताना, अमा-बारा निन-हेदूला घेऊन देवळात आली. तिच्या हातात त्या दिवशी भाकरी नव्हती.

"वहिनी, एक सांगायचंय. इथंच सांगते, देवीसमोर. घरी सांगितलं तर तुम्ही मुसळ घेऊन मागे लागाल."

"बोल."

"अमावास्येला नळीत मी पाणी ओतते ना, दादाच्या नावानं आणि बाबांच्या नावानं. त्यात तिसरं भांडं असतं."

निन-हेदू तिच्याकडे वळली.

"पोरीच्या नावाचं," अमा-बारा म्हणाली.

"कधीपासून?"

"तो मेला तापाचं सांगून गेला तेव्हापासून. माझ्या घशाखाली घोट उतरेना वहिनी. आपण इथं गार पाणी प्यायचं आणि तिनं खाली धूळ चाटायची? तुम्ही आयुष्यासाठी कोरून मोकळ्या झालात. तहान लागली तर तिनं मागायचं कुणाकडे?"

मित्रांनो, ही गोष्ट किती गंभीर होती ते तुम्हाला कळावे म्हणून नीट सांगते. मुलगी जिवंत असेल, तर दर अमावास्येला तिच्या नावाने नळीत गेलेले पाणी तिला खाली ओढत होते. सगळी निना असेच मानत होती. आणि मुलगी मेलेली असेल, तर माझ्यामुळे तिच्या आईने आपल्याकडून तरी तिला पाण्याविना ठेवले होते. तिसरी शक्यता नव्हती.

निन-हेदूने हे मनातल्या मनात जुळवले असावे. ती म्हणाली, "म्हणजे मी तिला तहानेली ठेवली, नाहीतर तू तिला मारलीस. दोन्हीतलं एक."

हे तिने ज्या आवाजात सांगितले त्याच आवाजात ती रोज विणकरणींना कामे वाटून देई. अमा-बारा मटकन फरशीवर बसली.

"रडा तरी, वहिनी. नाहीतर मला मारा. असं बघत नका राहू."

"येत नाही," निन-हेदू म्हणाली.

पुढे बायका जेवून परतल्याचा आवाज आला तेव्हा ती वाकली, नणंदेला दंडाला धरून उठवले, तिच्या लुगड्याला लागलेली धूळ झटकली आणि कामावर गेली. त्या दिवशी ती "जाते" म्हणाली नाही. नंतर कित्येक दिवस ती देवळात आलीच नाही. मला त्याचे वाईट वाटले असे म्हणायला हवे. पण मी दगड आहे. मला एवढेच लक्षात आहे की डावीकडून सहाव्या जागेसमोर कोणी उभे राहत नव्हते.

अमावास्येच्या दिवशी, सकाळीच, ती आली. तिच्या हातात मातीचे भांडे होते आणि त्यात काठोकाठ पाणी होते. तिने प्रथम देवीकडे पाहिले.

"तुला माहीत आहे," ती नान्शेला म्हणाली. "मला नको सांगूस."

मग तिने मुलीचे नाव घेतले आणि ते पाणी हळूहळू माझ्या पायांवर ओतले.

असे कोणी कधी केले नव्हते. झाडणाऱ्या बाईने जाऊन कारभाऱ्यांना बोलावून आणले. देवळाचे कारभारी उर-सागा हे वयस्क, नियमाने चालणारे आणि कोरड्या स्वभावाचे गृहस्थ होते. नवीन वर्षाच्या दिवशी नान्शे माणसांचा न्याय करते, तेव्हा आपल्या देवळातली एकही गोष्ट जागेवरून हललेली नसावी, याची त्यांना वर्षभर धास्ती असे. त्यांनी ओट्यावरचे पाणी पाहिले, माझ्या खांद्यामागचा मजकूर वाचला आणि पुन्हा पाणी पाहिले.

"बाई, हे पाणी कुणाचं? जिवंताचं की मेलेल्याचं?"

"मला माहीत नाही, कारभारी."

"माहीत नाही कसं? मेलेल्याचं पाणी देवीसमोर चालत नाही. त्याला घरची नळी आहे. आणि जिवंत माणसाला पाणी ओततच नाहीत."

"लांबून चालून आलेल्याच्या पायांवर ओततात," निन-हेदू म्हणाली. "ती आली तर पाय धुवील. नाही आली तर पिईल. पाणी तेच आहे."

उर-सागा नियम आठवत होते, आणि यासाठी नियम नव्हता. त्यांनी देवीकडे पाहिले. नान्शे नेहमीप्रमाणेच पाहत होती. शेवटी ते म्हणाले, "ओता. पण फरशीवर ओल नको. बायका घसरतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी लावून माझ्या पायांखाली ओट्याला एक भोक पाडले आणि त्यात डांबर सारवलेली नळी बसवून पाणी खाली जमिनीत जाईल अशी व्यवस्था केली. कामाचा उतार त्यांनी स्वतः तपासला. अमा-बाराने घरच्या नळीतले तिसरे भांडे त्याच अमावास्येपासून बंद केले. दोघी नणंदा-भावजया पुन्हा एकत्र जेवू लागल्या, असे भट्टीवरच्या बायका म्हणत. भांडणही पूर्ववत सुरू झाले, असेही म्हणत.

निन-हेदूच्या रोजच्या दोन शब्दांत अमावास्येला एक शब्द वाढला. "आले. ओतते. जाते." रडणे तिला पुढेही आले नाही. स्वप्नेही पडली नाहीत. मला तिच्यात दुसरा काही फरक दिसला नाही.

माझ्यात मात्र फरक पडू लागला. माझ्या जातीचा दगड पाण्यात अगदी थोडा थोडा विरघळतो. एका भांड्याने काही कळत नाही. वर्षानुवर्षे ओतले तर कळते. प्रथम नखांच्या रेघा गेल्या. मग बोटे एकमेकांत मिसळली. बारा-तेरा वर्षांनी लू-उतू, तोवर काठी टेकत चालणारा, देवळात आला आणि मला पाहून हळहळला. पाय शिंपल्याचे करून बसवतो, मग कितीही पाणी ओता, असे त्याने निन-हेदूला सांगितले.

तिने वाकून माझे पाय पाहिले. बोट फिरवून पाहिले. त्यावेळी मी तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललेले पाहिले. फार नाही.

"नको, दादा," ती म्हणाली. "कुणीतरी घेतंय म्हणून झिजतायत. बंद झालं तर कळणार नाही मला."

लू-उतूला दगड कळत होता. त्याने आयुष्यभर दगडच हाताळला होता. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हो ताई. घेतंय कुणीतरी." मग काठी टेकत निघून गेला.

मित्रांनो, हा दगडाचा गुणधर्म आहे हे मला माहीत होते. मला वाचा असती तर मी तिला तसे सांगितले असते का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. विचार करायला मला वेळही पुष्कळ मिळाला. समोर नान्शे होती. तिलाही माहीत असणार. तीही बोलली नाही. कदाचित तिला असेच उत्तर द्यायचे असेल. मी एवढेच सांगू शकते की तेवीस वर्षांत निन-हेदूची एकही अमावास्या चुकली नाही, आणि तेवीस वर्षे माझ्या पायांचे काहीतरी दर वेळी तिच्या पाण्यात मिसळून खाली गेले.

एका उन्हाळ्यात भांडे घेऊन अमा-बारा आली. तिचे केस पांढरे झाले होते आणि जीभ मंदावली होती. तिने देवीला सांगितले की वहिनी गेल्या, त्यांचे पाणी घरच्या नळीत ओतले, पोरीचे इथे आणले आहे. मग तिने पाणी ओतले, माझा खांदा पुसला, आणि मला बोल लावायचे विसरून गेली. ती पाच वर्षे येत राहिली. त्यानंतर कोणी आले नाही. उर-सागाही गेले होते. नव्या कारभाऱ्यांना ओट्यातल्या भोकाचे प्रयोजन कळेना, म्हणून त्यांनी ते चिखलाने बुजवून घेतले.

पुढे देवळाच्या भिंती खचल्या आणि नवे देऊळ उंच जोत्यावर बांधायचे ठरले. आमच्यासारख्या जुन्या मूर्ती देवीने पाहिलेल्या असतात. त्या फेकता येत नाहीत, फोडता येत नाहीत. म्हणून त्यांना नव्या फरशीखाली निजवतात. आम्हाला दोन ओळींत, तोंडे वर, देवीकडे करून, ठेवले. वरून स्वच्छ माती लोटली. ते देऊळही पुढे पडले. गाव उठले, नदीने वाट बदलली, आमची भाषा बोलणारे संपले. नान्शेचे काय झाले ते मला ठाऊक नाही. माझे डोळे उघडे आहेत आणि ते अजून त्याच दिशेला आहेत.

आता माझी विनंती. तुमच्यातले कोणी मोठे होऊन जुन्या जागा खणण्याचे काम शिकेल आणि कधीतरी कुदळ माझ्यापर्यंत पोचेल. त्यावेळी कुदळ बाजूला ठेवा आणि हाताने माती काढा. माझे पाय घोट्यापासून खाली नाहीत, हे पाहून ते आसपास शोधू नका, आणि नवे करून लावूही नका. खांद्यामागचा मजकूर वाचणारा कोणी असेल तर त्याच्याकडून तो मोठ्याने वाचून घ्या. त्या मुलीचे नाव फार दिवसांत कोणी घेतलेले नाही. ती जगली की नाही हे मला विचारू नका. माझ्या अंगावरची माती मऊ कोरड्या कुंचल्याने, सावकाश झटका. पाण्याने मात्र धुऊ नका. माझ्या वाट्याचे पाणी मला मिळालेले आहे.